अतिवृष्टीचं अनुदान: पैसे अडलेत कुठं?

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनं मराठवाड्यातली सोयाबीन जाग्यावर कुजली. त्या अनुदानाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी चार इथे घेतले आहेत.

परंडा तालुक्यातून: माझी सहा एकर सोयाबीन गेली. शेजाऱ्याची तेवढीच, तरी त्याला जास्त पैसे आले. तलाठ्यानं घोळ केला का?

घोळ असेलच असं नाही. आधी दोघांचे सातबारे शेजारी ठेवून बघा. जिरायतीला हेक्टरी 8,500 आणि बागायतीला 17,000 रुपये असा दर आहे. त्याची विहीर सातबाऱ्यावर लागलेली असेल आणि तुमचं बोअर लागलेलं नसेल, तर पीक एकच असूनही रक्कम दुप्पट होते.

तुमची जमीन जिरायती धरून हिशोब असा. सहा एकर म्हणजे 2 हेक्टर 40 आर. मूळ मर्यादा दोन हेक्टरांची, म्हणून 17,000. नंतर ती तीन हेक्टर झाली, म्हणून उरलेल्या 40 आरचे 3,400. शिवाय राज्य सरकारच्या ऑक्टोबरच्या पॅकेजमधले रब्बी बियाण्यांसाठीचे हेक्टरी 10,000, म्हणजे 24,000. हे पैसे वेगवेगळ्या शासन निर्णयांनी, वेगवेगळ्या वेळी सुटले. त्यामुळे पारावर 'मला एवढेच आले' म्हणणाऱ्यानं कोणता हप्ता मोजलाय ते आधी विचारा. आणि पंचनाम्यात क्षेत्र किती धरलंय तेही बघा. नुकसान 33 टक्क्यांच्या आत दाखवलेला तुकडा मदतीत येतच नाही.

भूममधून: यादीत नाव आहे, पैसे नाहीत. तहसीलवाले बँकेत पाठवतात, बँकवाले तहसीलला.

यादीत तुमच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो, गावात त्याला 'व्हीके नंबर' म्हणतात. तो आणि आधार घेऊन आपले सरकार केंद्रावर जा. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिली असेल तर अंगठा द्या. पण अंगठ्याआधी पडद्यावरचं नाव, गट नंबर, क्षेत्र आणि रक्कम वाचा. घाईत केंद्रवाला पुढे ढकलतो, तुम्ही ढकलू देऊ नका. क्षेत्र चुकलं असेल तर तिथंच असहमती नोंदवता येते. एकदा सहमती दिली की दुरुस्तीसाठी चपला झिजतात.

केवायसी झालेली असेल तर पैसे आधारला जोडलेल्या खात्यात गेले असणार, आणि ते खातं तुम्ही रोज वापरता तेच असेल असं नाही. गॅसच्या सबसिडीसाठी कधीकाळी उघडलेल्या खात्यात रक्कम पडून असल्याचं नेहमी दिसतं. बँकेत 'पैसे आले का' विचारू नका, 'माझं आधार कुठल्या बँकेला जोडलंय' असं विचारा.

कळंबमधून: वडील ऑगस्टमध्ये वारले. यादीत त्यांचंच नाव आहे. भाऊ म्हणतो, त्यांच्या एटीएमवरून काढून घेऊ.

तसं करू नका. केवायसीला अंगठा लागतो, त्यामुळे गाडी तिथेच अडेल. पैसे आधीच जमा झाले असले तरी ते सगळ्या वारसांचे आहेत, बहिणींचेसुद्धा. मृत्यू दाखला लावून वारस फेरफार घ्या, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं लावून घ्या. एकाच्याच खात्यावर रक्कम हवी असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र तलाठ्याकडे द्या. बहिणीला सहीपुरतं बोलावू नका, रक्कम किती ते सांगून सही घ्या. पुढच्या निम्म्या कटकटी याच सहीवरून होतात.

वाशीमधून (धाराशिव जिल्हा): अनुदान जमा झालं आणि बँकेनं पीककर्जापोटी होल्ड लावला.

हे चूक आहे. अनुदान कर्जवसुलीत वळतं करू नये, असं मदतीच्या शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. त्याची प्रत जोडून शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना. तोंडी भांडणाचा काही उपयोग होत नाही, कॅशियरच्या हातात काही नसतं.

पीक विम्याचं तुम्ही याच पत्रात विचारलंय. तो वेगळा. अनुदान घेतलं म्हणून विमा बुडत नाही. मात्र खरीप 2025 पासून भरपाई पीक कापणी प्रयोगातून (निवडक शेतांतलं पीक कापून, मोजून) निघालेल्या अख्ख्या महसूल मंडळाच्या उत्पन्नावर ठरते, म्हणून तुमच्या एकट्याच्या शेताचे फोटो त्यात चालणार नाहीत.