लिफ्ट उचलत नाही म्हणून ट्रॅक्टर बदलायचा?

प्रश्न: ट्रॅक्टर वीस वर्षांचा आहे. इंजिन ठणठणीत, पण तेल तापलं की लिफ्ट नांगर उचलत नाही. डिपस्टिकवर तेल दुधी दिसतं. मेकॅनिक मागचा भाग पूर्ण खोलायला सांगतो. दुरुस्त करावा की विकून कर्जावर नवा घ्यावा?

उत्तर: तूर्त दोन्ही नको. बिघाड नेमका कुठे आहे हे त्यामानाने थोड्या खर्चात कळतं, तेवढं आधी करा.

बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स, डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारे गिअर) आणि लिफ्ट उचलणाऱ्या हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. दुधी रंग म्हणजे त्यात पाणी. ते बहुधा गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून शिरतं. ते रबर आधी बदला, नाहीतर नवं तेलही वाया जाईल. मग ट्रॅक्टर चालवून तेल गरम असतानाच काढा आणि ड्रेन प्लग नीट पाहा. राखाडी मऊ लेप ही नेहमीची झीज. धातूचे टोकदार तुकडे निघाले तर गिअरचे दात किंवा बेअरिंग गेलंय, आणि तुमचा सगळा हिशोब तिथेच बदलतो.

स्ट्रेनर (पंपाआधीची तेलाची जाळी) गाळाने भरला की पंपाला तेल पुरत नाही, तो शिट्टीसारखा आवाज करतो. ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छिद्र) बुजला तर आत दाब वाढून एक्सलचं सील गळतं. नुसतं सील बदलून ते थांबत नाही. दोन्ही साफ करा. या सामाईक टाकीत 30 ते 50 लिटर तेल सहज मावतं, त्यामुळे खर्चात मोठा वाटा तेलाचाच. तरी दोनदा भरायची तयारी ठेवा, कारण कानाकोपऱ्यातलं पाणी पहिल्या खेपेत निघत नाही. डिझेल भरून धुवायचा सल्ला मिळेल, पण ते भरून ट्रॅक्टर चालवू नका. पंपाला वंगण उरत नाही. तेलाची ग्रेड ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतलीच घ्या. ब्रेक तेलात बुडालेले असतील तर साध्या गिअर ऑइलने ते कुरकुरतात.

एवढं करूनही लिफ्ट कमजोर राहिली तर आधी थंड आणि मग गरम तेलावर प्रेशर गेज लावून घ्या. थंड असताना दाब पुरेसा आणि गरम झाल्यावर कमी, तर संशय पंपावर किंवा रिलीफ व्हॉल्व्हवर (जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह). दाब ठीक, पण इंजिन बंद करताच लिफ्ट खाली बसते, तर लिफ्टच्या पिस्टनची ओ-रिंग (रबरी कडी) किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह. ओ-रिंग स्वस्त असते, मजुरी महाग. म्हणून कव्हर एकदा उघडलं की तिथली सगळी सीलं एकदमच बदला.

इथवरचा खर्च शिलकीतून करा, कर्ज नको. क्राउन-पिनियन (डिफरन्शियलची मुख्य गिअरजोडी) गेलं असेल तर मात्र लेखी अंदाज घ्या. तो चालू स्थितीतल्या ट्रॅक्टरच्या विक्री किमतीच्या निम्म्यावर गेला, तर मी दुरुस्ती सुचवणार नाही. तेव्हाही नव्याच्या वर्षभराच्या हप्त्यांना वर्षाच्या कामाच्या तासांनी भागा. येणारा आकडा भाड्याच्या ट्रॅक्टरच्या तासाच्या दरापेक्षा बराच जास्त असेल, तर नवा घेण्यापेक्षा भाड्याने काम करून घेतलेलं परवडेल.

आणि बिघाड नुसता लिफ्टचा असूनही विकायचंच ठरलं, तर लिफ्ट दुरुस्त करूनच विका. लिफ्ट बंद दिसली की गिऱ्हाईक सगळा मागचा भागच गेलाय असं धरून भाव पाडतं.