मिक्सरमागून : समोर उभं राहून ऐकावेत असे बँड

प्रश्न : ताई, तुमची उमर स्टेजच्या कडेला गेली. आयुष्यात एकदा तरी प्रत्यक्ष ऐकावेत असे बँड कोणते? पहिल्या पाचांची यादी द्याल का? माझी आणि मित्राची पैज लागली आहे. – एक गिटारवेडा

पैज कशाची ते कळवलं नाहीत, म्हणजे हरणाऱ्याचं फारसं बिघडणार नाही असं धरून चालते. नावं पाच देते, पण त्यांना नंबर घालणार नाही.

आधी मी कुठे बसायचे ते सांगते, कारण माझी सगळी मतं त्या खुर्चीतून आली आहेत. सव्वीस वर्षं मी मॉनिटरचा, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरांचा, आवाज जुळवणारा मिक्सर सांभाळला. प्रेक्षकांच्या कानावर जे पडतं ते मैदानात मागे बसलेला इंजिनिअर जुळवतो. वादकांना स्वतःचं आणि एकमेकांचं जे ऐकू येतं, ते स्टेजच्या कडेला बसलेल्या माझ्यासारखीच्या हातात असतं. दिवसभर मागण्या चालू असतात. माझा आवाज वर घे. ड्रम थोडे वाढव. त्याची गिटार काढून टाक. ही शेवटची मागणी ज्या बँडमध्ये वारंवार ऐकली, त्या बँडचं तिकीट मी फुकट मिळालं तरी घेणार नाही.

एका कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला माझे सगळे मॉनिटर बंद पडले. पॉवरची एक पिन अर्धवट बसली होती, कोणाचा तरी पाय लागला आणि ती निघाली. पिन मीच लावली होती, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. मी टेबलाखाली बॅटरी तोंडात धरून पिन शोधत होते आणि वर गाणं चालूच होतं. मान वर काढली तर बेसवाला ड्रमच्या चौथऱ्याला पाय टेकवून उभा. ऐकू येत नाही तर हादरे पायातून घ्यायचे! गायिकेने सूर सापडावा म्हणून एक कान बोटाने दाबला होता. गिटारवाल्याने न सांगता आवाज निम्म्यावर आणला होता. चार-पाच मिनिटांनी सगळं सुरू झालं, तेव्हा बेसवाल्याने माझ्याकडे बघून हात हलवला. राहू दे, अशा अर्थाने. त्या रात्रीचं सगळ्यात चांगलं गाणं तेच झालं.

तेव्हापासून मी बँडचे कान बघते. बोटं किती पळतात ते नंतर.

या हिशेबाने पहिलं नाव ब्रूस स्प्रिंग्स्टीन आणि ई स्ट्रीट बँड. यांचं गाणं आवडत नसेल तरी एकदा बघा. लोक पुठ्ठ्यावर फर्माइशी लिहून आणतात, ब्रूस गर्दीतून एखादा पुठ्ठा उचलतो, वळून बँडला दाखवतो, आणि वर्षानुवर्षं न वाजवलेलं गाणं अर्ध्या मिनिटात सुरू होतं. अशा वेळी ड्रमवाल्या मॅक्स वाइनबर्गकडे बघा. १९७४ पासून तो या बँडमध्ये आहे आणि त्याचे डोळे ब्रूसच्या पाठीला खिळलेले असतात. ब्रूसने खांदा उडवला की इकडे थाप पडलीच. ३१ जुलै २०१२ ला हेलसिंकीत हे लोक ४ तास ६ मिनिटं वाजवत होते. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा सॅक्सोफोनवाला क्लॅरेन्स क्लेमन्स गेला होता, आणि त्याच्या जागी त्याचा पुतण्या जेक उभा होता. काकाच्या जागेवर उभं राहून काकाचेच तुकडे वाजवायचे, तेही मैदानभर लोकांपुढे. माझे तर हात थरथरले असते.

दुसरं नाव फिश. चौघंच जण, बँड १९८३ मध्ये सुरू झालेला. रेकॉर्डवर मला ते फारसे आवडत नाहीत, स्पष्टच सांगते. प्रत्यक्षात गोष्टच वेगळी. गाणं म्हणजे त्यांच्यासाठी नुसती बंदिश, खरा कार्यक्रम पुढच्या बढतीत. २०१७ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी तेरा रात्री कार्यक्रम केले आणि २३७ गाणी वाजवली. एकही गाणं पुन्हा नाही. सेटलिस्ट, म्हणजे रात्रीच्या गाण्यांची यादी, टेबलाला चिकटवून त्यावर कामं उरकणाऱ्या माझ्यासारखीला हे ऐकूनच घाम फुटतो.

तिसरं नाव टिनारिवेन. सहाराच्या वाळवंटातले तुआरेग लोक, १९७९ मध्ये सुरू झालेला बँड. त्यांच्या इब्राहिम अग अलहबीबने लहानपणी पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार जोडून पहिली गिटार केली होती. गिटारी, टाळ्या, एखादं तालवाद्य, एवढाच संसार. पहिली दोन गाणी वाटतं, यात काय आहे? तिसऱ्याला मान डोलायला लागते. टाळ्यांचा ठेका बरोबर मात्रेवर पडत नाही, किंचित मागे रेंगाळतो, आणि सगळे एकाच मापाने रेंगाळतात. शिकवून येणारी गोष्ट नाही ही.

चौथं टेडेस्की ट्रक्स बँड. सूझन टेडेस्की आणि डेरेक ट्रक्स या नवरा-बायकोने २०१० मध्ये उभा केला. बारा माणसं, दोन ड्रमवाले. बारा जण स्टेजवर असले की साधारण भाजीमंडई होते. इथे प्रत्येक जण दुसऱ्याला जागा सोडतो, आणि ते ऐकायला मिळणं हाच पैसा वसूल.

पाचवं मेटॅलिका. इथे मित्र तुमच्यावर ओरडेल किंवा तुम्ही मित्रावर. त्यांनी २०२३ मध्ये सुरू केलेल्या दौऱ्यात स्टेज मोठ्या कड्यासारखं गोल आहे, मध्येही प्रेक्षक आणि बाहेरही. ड्रमचे चार संच कड्यावर चार बाजूंना मांडलेले, आणि लार्स उलरिक एकावरून उठून दुसऱ्यावर जातो. असल्या स्टेजवर गिटारवाला आणि ड्रमवाला एकमेकांपासून लांब पडतात आणि तरी हे लोक सुटत नाहीत. त्याच शहरात दोन रात्री केल्या तर दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचं गाणं नाही, हेही त्या दौऱ्यात पाळलं.

पैज कोण जिंकलं ते कळवा.

प्रश्न : आता ऐकता येणं शक्य नाही अशा बँडपैकी एकच कार्यक्रम निवडायचा झाला तर कोणता निवडाल? बीटल्स? – एक सेवानिवृत्त शिक्षक

बीटल्स नाही, सर. निदान स्टेडियममधले बीटल्स तर नाहीतच. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियममध्ये ५५,६०० लोक होते आणि स्टेजवर मॉनिटर नावाची वस्तू नव्हती. किंकाळ्या इतक्या की ड्रमवाल्या रिंगोला पुढच्या तिघांच्या माना आणि पाठी बघून गाणं कुठवर आलं ते ताडावं लागे. वर्षभराने, २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा कार्यक्रम करून त्यांनी दौरे बंदच केले. मला त्यांची बाजू पटते.

मी १९७४ चे ग्रेटफुल डेड, हा अमेरिकन बँड, निवडीन. त्या वर्षी त्यांनी ‘वॉल ऑफ साउंड’ नावाची स्पीकरची भिंतच बँडच्या पाठीमागे उभी केली होती. आपल्याकडे नेहमी स्पीकर पुढे आणि वादक मागे असतात. त्यांनी उलटं केलं, त्यामुळे प्रेक्षकांना जे ऐकू येईल तेच वादकांना. मॉनिटर लागतच नव्हते, म्हणजे माझी नोकरी गेली असती.

पण माइकच्या मागे स्पीकर लावला की कर्कश शिट्टी बसते, हे शाळेच्या गॅदरिंगमध्ये सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. त्यावर त्यांची युक्ती अशी होती. प्रत्येक गायकापुढे दोन माइक, एकाच्या खाली एक, आणि दोघांची जोडणी उलटसुलट. दोन्ही माइकवर सारखाच पडणारा भिंतीचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. गायक मात्र ओठ टेकवून वरच्या माइकमध्येच गातो, म्हणून त्याचा आवाज तेवढा शिल्लक राहतो. फोटोत ते जोडमाइक दिसतात. मी पहिल्यांदा ते बघितले तेव्हा एक बिघडला तर लगेच वापरता यावा म्हणून जादा ठेवला असेल, असं समजून पुढे गेले होते!

त्या भिंतीचं वजन सुमारे ७५ टन होतं. उभारायला इतका वेळ लागे की एक स्टेज वापरात असताना दुसरं पुढच्या गावी बांधायला घेत. खर्च झेपेना, वर्षअखेरीस भिंत मोडली.

प्रश्न : एका मोठ्या बँडचे दोन कार्यक्रम लागोपाठ बघितले. गाणी तीच, क्रम तोच, इतकंच काय मधले विनोदही तेच. वर काही आवाज तर वाजवणारा कुणी दिसत नसताना येत होते. ही फसवणूक नाही का? – नाव न छापण्याच्या अटीवर

विनोदांसाठी तुम्ही रागावू शकता. बाकीचं थोडं समजून घ्या.

मोठ्या कार्यक्रमात दिवे, पडद्यावरची चित्रं, आतषबाजी हे सगळं गाण्याला बांधलेलं असतं. त्यासाठी ड्रमवाल्याच्या कानात ‘क्लिक’ चालते, टिक टिक टिक टिक. गाणं एकदा क्लिकला बांधलं की पुढे पळता येत नाही आणि मागे रेंगाळताही येत नाही. त्याच क्लिकसोबत आधी ध्वनिमुद्रित केलेले तुकडेही सोडतात. व्हायोलिनचा ताफा, मागचे कोरस वगैरे. तीस व्हायोलिनवाले घेऊन फिरणं कोणाला परवडत नाही, ते मी समजू शकते. मुख्य गायकाचा आवाजच त्या तुकड्यांत असेल तर मात्र मला आवडत नाही, आणि असं मी बघितलेलं आहे. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढला तरी ‘गाणं’ चालूच राहतं तेव्हा मिक्सरमागे फार विचित्र वाटतं.

हेच प्रामाणिकपणेही करता येतं. क्वीन या बँडच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त, मध्ये ऑपेराचा भाग आहे, अनेक आवाज एकावर एक चढवलेले. चौघांना तो स्टेजवर गाणं शक्य नव्हतं. मग ते काय करत? तेवढा भाग टेपवरून वाजे आणि चौघं सरळ स्टेज सोडून जात. ओठ हलवायचं नाटक नाही. रॉकचा भाग आला की परत येत. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्ब्लीत, लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात, त्यांच्या वाट्याला साधारण वीस मिनिटं होती. तेव्हा तो भाग त्यांनी गाळूनच टाकला, आणि त्या दिवसाचं नाव निघालं की लोक अजून आधी क्वीनचंच नाव घेतात.

एक खूण सांगते. गायक मध्येच एका कानातला इअरफोन काढून गळ्याशी सोडून देतो, ते बघितलं असेल. पुष्कळदा त्याला तुमचा आवाज ऐकायचा असतो. तुम्ही बघितलेल्या बँडमध्ये असं कोणी दोन्ही रात्री एकदाही केलं नसेल, तर तिसऱ्या रात्रीचे पैसे वाचवा.

प्रश्न : कुठे उभं राहिलं की सगळ्यात छान ऐकू येतं? मैत्रिणी पुढेच घुसतात. – बारावीतली एक वाचक

मैत्रिणींना जाऊ दे पुढे. तू मागचा मिक्सर शोध, तंबूसारखा मांडव असतो, आत दिव्यांची बटणं लुकलुकतात. त्याच्या जवळपास उभी राहा. तिथला माणूस स्वतःच्या कानाला गोड लागेपर्यंत बटणं फिरवत असतो, आणि तेच तुझ्याही कानावर पडतं. अगदी पुढे चेहरे दिसतात, पण मुख्य स्पीकर डोक्यावरून मागे फेकतात. तिथे ड्रम, एखाद्याचा अँप (गिटारचा स्टेजवरचा स्पीकर) आणि शेजारच्या मुलीचं गाणं ऐकायला मिळतं. भिंतीला आणि कोपऱ्याला चिकटू नकोस, तिथे बेस साचून बसतो.

फार मागेही नको. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. शंभर मीटर मागे उभी राहिलीस तर पडद्यावर काठी आपटलेली आधी दिसते आणि थाप ०.३ सेकंदाने पोचते. मैदानात टाळ्यांचा ठेका मागे मागे विस्कटत जातो तो यामुळेच. मध्ये उभे केलेले जादा स्पीकर मुद्दाम तेवढा उशीर करून वाजवतात, म्हणजे पुढून आलेला आवाज आणि त्यांचा आवाज एकत्र पडतो.

प्रश्न : कार्यक्रमानंतर दोन दिवस कानात कुईं वाजत होतं. काळजीचं कारण आहे का? – एक वाचक

दोन दिवस राहिलं म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून या. पुढच्या वेळी इअरप्लग घाला, आणि कापसाचे बोळे नकोत, त्याने फारसं काही अडत नाही. कामाच्या जागी ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं, आणि रॉकच्या कार्यक्रमात १०० सहज होतात. वादकांसाठी मिळणारे फिल्टरचे प्लग घेतले तर सगळंच सारखं हळू होतं, गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटत नाही. माझा डावा कान उजव्यापेक्षा कमी ऐकतो. सव्वीस वर्षं ड्रम त्याच बाजूला होते.

प्रश्न : मोबाइलवर कार्यक्रम रेकॉर्ड करावा की नाही? – तीच बारावीतली वाचक

एक गाणं कर आणि फोन पर्समध्ये टाक. ग्रेटफुल डेडने १९८४ पासून रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली होती, मिक्सरच्या मागे. तिथले लोक उंच काठ्यांवर माइक लावत आणि टेप चालू असताना एकमेकांना खोकूही देत नसत. तेवढं जमणार असेल तर पूर्ण कर.