पाकिटावरच्या अक्षरांमागचे काम : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या अंकासाठी निवडलेले तिन्ही प्रश्न छोट्या डिझाइन स्टुडिओंच्या कामाविषयी आहेत. उत्तरे देणारे लेखक सांगलीतील अशाच एका स्टुडिओत पाकिटे आणि बोधचिन्हे यांचे काम करतात.

प्रश्न : आमचा हळद पावडरीचा लहान उद्योग आहे. पाव किलोच्या पाकिटाचे डिझाइन आम्ही येथील एका स्टुडिओकडे सोपवले. फ्लेक्सवाला तासाभरात तीन नमुने दाखवतो. यांनी मात्र पहिले रेखाटन दाखवायलाच कितीतरी दिवस घेतले आणि तेही पेन्सिलीने काढलेले, बिनरंगाचे. या दिवसांत नेमके काय चालते?
— एक उद्योजक, सांगली

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे, कारण या दिवसांतले बहुतेक काम ग्राहकाच्या नजरेआड होते आणि स्टुडिओही ते समजावून सांगत नाहीत. फ्लेक्स चार दिवस टिकतो आणि चुकला तर दुसरा छापता येतो. मोठ्या संख्येने लागणारे पाकीट मात्र बहुधा रोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीने छापले जाते. त्यात प्रत्येक रंगासाठी तांब्याचा थर दिलेला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि एकदा तो कोरला की एका वेलांटीची चूकसुद्धा खर्चात पडते. म्हणून सगळे निर्णय त्याआधी घ्यावे लागतात.

त्यातला पहिला निर्णय दुकानात होतो. गणपती पेठेतल्या किराणा दुकानात उभे राहून पाहिले तर हळदीची जवळजवळ सगळी पाकिटे पिवळी दिसतात, त्यामुळे आपले पाकीटही पिवळेच केले तर ते त्या रांगेत हरवते. पिवळा अजिबात नको म्हणावे, तर गिऱ्हाईक हळद शोधताना तोच रंग शोधत असते. किती पिवळा ठेवायचा, तो कुठे ठेवायचा आणि त्याच्या शेजारी कोणता रंग बसवायचा, हे ठरवण्यासाठी आम्ही कागदाचे कोरे पाकीट चिकटवून त्यात खरोखरच हळद भरतो. भरल्यावर पाकीट मध्यभागी फुगते, कडेच्या शिवणीत काही भाग जातो, आणि सपाट पडद्यावर सुंदर दिसणारे नाव त्या फुगवट्यावर वाकडे दिसू लागते.

आतली हळद दिसावी म्हणून बरेच उद्योजक पारदर्शक खिडकी मागतात. मी शक्यतो ती टाळायला सांगतो, कारण हळदीला रंग देणारे करक्युमिन प्रकाशात हळूहळू नष्ट होते आणि दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेल्या पाकिटातला माल फिका पडत जातो. पारदर्शक फिल्मवर पिवळ्या शाईच्या मागे पांढऱ्या शाईचा थर दिला नाही, तर तो पिवळाही मळकट दिसतो. संगणकाच्या पडद्यावरचा रंग प्रकाशातून तयार होतो आणि छापील रंग शाईतून, हे लक्षात न घेता मंजुरी दिली की पुढे तक्रारी ठरलेल्या.

आता पेन्सिलीच्या रेखाटनाविषयी, कारण मला स्वतःला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाव आधी काळ्या-पांढऱ्यात उभे राहावे लागते. तेच नाव पुढे बिलबुकावर, खोक्यावर आणि रबरी शिक्क्यावर एकाच रंगात उमटणार असते, आणि आकारातला कच्चेपणा रंगाने झाकला तरी तिथे उघडा पडतो. ‘हळद’ हेच नाव घ्या. ‘ह’ आणि ‘द’ खाली उतरतात, तर ‘ळ’ दोन्ही बाजूंना पसरून जागा मागतो. तिघांचे वजन सारखे वाटावे यासाठी ‘ळ’च्या गाठी किती मोकळ्या ठेवायच्या आणि शिरोरेषा किती जाड करायची, हे हातानेच काढून पाहावे लागते. मजकुरासाठी ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ यांसारखे खुल्या परवान्याचे उत्तम देवनागरी फॉन्ट उपलब्ध आहेत आणि ते वापरावेतही. पण उत्पादनाचे नाव अक्षरकाराने स्वतः रेखाटलेले असावे, असा माझा आग्रह असतो. आधी रोमन लिपीत बोधचिन्ह करून मग त्याच वळणात देवनागरी कोंबण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही.

मागच्या बाजूचा मजकूर आपण जितक्या लवकर द्याल तितके बरे. निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता, चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि बारकोड यांची जागा आधी राखावी लागते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी ते चिन्ह नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यालाच छापता येते, हेही तपासून घ्या. शेवटी छापखान्यात फाइल पाठवताना अक्षरांचे आउटलाइन केले जातात, म्हणजे टंकलेली अक्षरे रेषांच्या आकृत्यांत बदलली जातात, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरे फुटत नाहीत. मात्र त्यानंतर मजकूर टंकून दुरुस्त करता येत नाही, म्हणून त्यापूर्वी प्रूफवर आपली सही मागितली जाते. ती सही सावकाश, प्रत्येक ओळ वाचून करावी.

प्रश्न : उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन मी चौघांच्या स्टुडिओत काम करतो. लग्नपत्रिका, क्लासची पत्रके, दूध संस्थेचे अहवाल हेच पुन्हा पुन्हा येते आणि काही सुचेनासे झाले आहे. पुण्याला जावे का?
— एक तरुण वाचक, मिरज

उत्तर : मोठ्या ब्रँडची कामे कशी बांधली जातात हे अनुभवी माणसांच्या हाताखाली शिकायचे असेल, तर अवश्य जा. सुचत नाही म्हणून मात्र जाऊ नका. तुमच्याच मिरजेत 1805 मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली भगवद्गीता छापली गेली, आणि किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्याच्या वसाहतीतून 1920 पासून निघालेल्या मासिकाला स्वतः चित्रकार असलेल्या शंकरराव किर्लोस्करांनी महाराष्ट्रभर नेले. या भागात छपाईचा विचार मन लावून करणारी माणसे आधीपासून आहेत आणि तुम्ही त्याच कामात आहात.

तेच ते काम आले की आपण मागची फाइल उघडून नावे बदलतो आणि तिथेच सुचणे थांबते. पुढच्या पत्रिकेसाठी कोरी फाइल घ्या आणि स्वतःला एक अट घाला : एकही चित्र न वापरता, केवळ अक्षरांच्या लहानमोठेपणातून आणि मोकळ्या जागेतून पत्रिका उभी करायची. सतारमेकर गल्लीत जाऊन भोपळ्यावरची नक्षी वहीत उतरवा, जुन्या दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांची छायाचित्रे घ्या. त्या पाट्या झपाट्याने जात आहेत आणि त्यांतली वळणे कोणत्याही फॉन्टमध्ये नाहीत. दुसरे असे की, चौघांनी मिळून आठवड्याला एकदा कामाच्या प्रिंट भिंतीवर लावाव्यात, करणाऱ्याने गप्प राहावे आणि इतरांनी आधी काय वाचले गेले एवढेच सांगावे. आमच्याकडे ही रीत आहे, आणि पडद्यावर न दिसलेल्या कितीतरी गोष्टी तिथे दिसतात.

प्रश्न : बोधचिन्हाचे पूर्ण पैसे दिल्यावरही स्टुडिओ ओपन फाइल, म्हणजे पुढे बदल करता येणारी मूळ फाइल, देत नाही. बोधचिन्ह माझे की त्यांचे?
— एक दुकानदार, इस्लामपूर

उत्तर : कॉपीराइट कायदा, 1957 नुसार पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो, बाहेरच्या स्टुडिओने केलेल्या बोधचिन्हाचा हक्क मात्र सर्वसाधारणपणे स्टुडिओकडेच राहतो आणि तो लेखी, सही केलेल्या करारानेच आपल्याकडे येतो. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते, म्हणून मुदत स्पष्ट लिहून घ्या. ओपन फाइल ही त्याहून वेगळी बाब आहे आणि ती द्यायची की नाही, कोणत्या स्वरूपात द्यायची, हे कोटेशनमध्येच ठरलेले असावे. आता भांडण्याऐवजी एक साधा हस्तांतरण करार तयार करून स्टुडिओसमोर ठेवा आणि ओपन फाइलसाठी वाजवी रक्कम मागितली तर ती द्या, कारण पुढे दुसऱ्या कोणाकडून बोधचिन्ह नव्याने काढून घेताना मूळ वळण बिघडते.