डीजे लावला, ट्रॅक बांधला

मालवण तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारलं आहे: गावातल्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या पत्रिकेत एका तरुणाचं नाव छापायचं आहे. तो घरी लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचे ट्रॅक तयार करतो आणि उत्सवात एका संध्याकाळी ते ऐकवणार आहे. स्वतःला तो 'म्युझिक प्रोड्यूसर' म्हणवतो. पोरांनी मसुद्यात 'संगीत निर्माता' लिहिलं, अध्यक्षांनी ते खोडून 'डीजे' केलं. भजनी बुवांचं म्हणणं पडलं की काहीही लिहा, फक्त 'संगीतकार' लिहू नका. बटणं दाबणं म्हणजे संगीत नव्हे. यातलं बरोबर कुठलं?

माझं मत आधीच सांगतो. 'निर्माता' चूक, 'डीजे' अपुरं, आणि बुवांनी नको म्हटलेला 'संगीतकार' हाच शब्द योग्य, मात्र एका अटीवर.

'निर्माता' लवकर निकालात निघतो. मराठीत नाटकाचा किंवा चित्रपटाचा निर्माता म्हणजे पैसा उभा करणारा. पत्रिकेत तो शब्द वाचून लोकांना वाटेल की कार्यक्रमाचा खर्च या मुलाने उचलला आहे. ध्वनिमुद्रणाच्या जगातला प्रोड्यूसर वेगळा. आपल्याकडे त्याचं काम पूर्वीपासून वाटलेलं आहे: चाल संगीतकाराची, वाद्यमेळ संगीत संयोजकाचा, आवाजांचा समतोल ध्वनिमुद्रकाचा. मराठीत अनिल मोहिले, हिंदीत गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस हे या संयोजनातले मोठे लोक. गाणी घराघरांत गेली, पण यांची नावं फार थोड्यांना ठाऊक. इलेक्ट्रॉनिक संगीतात ही तिन्ही कामं एकच माणूस करतो. म्हणून त्याला नेमका शब्द सापडत नाही.

'डीजे'ची गोष्ट जास्त रंगतदार आहे. मूळ शब्द डिस्क जॉकी, म्हणजे रेडिओवर आणि पुढे क्लबात तबकड्या लावणारा माणूस. मराठीत हा शब्द माणसाला सोडून यंत्राला जाऊन चिकटला. 'लग्नात डीजे लावला', 'डीजे किती वाजता बंद करायचा', 'डीजेवर बंदी' या सगळ्या वाक्यांत डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत. मालवणीत कुणी 'डीजे इलो काय?' (डीजे आला का?) असं विचारलं तर तो रस्त्याकडे बघतो ते टेम्पो दिसतो का म्हणून. माणूस सांगायचा तर 'वाला' जोडावा लागतो: डीजेवाला. घाटावर याच भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात, ते तर एका कंपनीचं नाव. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जन मिरवणुकीतल्या डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला, तेव्हा बातम्यांतला 'डीजे' हाच होता.

आपल्या भाषेला ही खोड जुनीच आहे. 'बेंजो' घ्या. कोकणात आणि मुंबईत हळदीला, विसर्जनाला बेंजो असतो, पण तो अमेरिकन बँजो नव्हे. तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवलेलं ते बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज जपानचा ताइशोगोतो. त्याला विजेची जोड मिळाली, भोवती ढोल-ताशा-कच्छी ढोल आले, आणि सबंध ताफ्यालाच 'बेंजो' म्हणायला लागलो. 'बेंजो ठरवला' म्हणजे वाद्य नव्हे, पंधरा-वीस माणसं. वाद्याचं नाव माणसांना मिळालं आणि माणसाचं नाव यंत्राला. यात चूक काही नाही, बोली अशीच चालते. पण त्या मुलाच्या नावापुढे नुसतं 'डीजे' छापलंत तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दणदणाट उभा राहील, ट्रॅक नाही.

आता बुवांचा आक्षेप. तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं मूळ आपल्या 'लावणे' या क्रियापदात आहे. 'रेडिओवर गाणं लावलं' यात तयार वस्तू सुरू केली. 'अभंगाला चाल लावली' यात नवी वस्तू घडवली. शब्द एकच, कामं दोन. मंडपात मुलगा लॅपटॉप उघडून बसलेला दिसतो तेव्हा बुवांना पहिलं 'लावणं' दिसतं. दुसरं घरी, महिना-दोन महिने आधी होऊन गेलेलं असतं. डीजे वाजवतो, प्रोड्यूसर बांधतो. पुष्कळदा माणूस एकच असतो, म्हणून घोटाळा होतो.

ते बांधणं कसं असतं, हे एकदा जवळून बघावं. 'हाउस' या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या प्रकारातल्या ट्रॅकमध्ये चार मात्रांच्या आवर्तनात चारही मात्रांवर खर्जाचा ठोका पडतो, मिनिटाला साधारण १२० ते १३०. त्या ठोक्याला 'किक' म्हणतात. खाली बेसचा सूरही जवळपास त्याच खर्जात असतो. दोन्ही एकत्र वाजले की गिचमिड होते, म्हणून प्रोड्यूसर अशी योजना करतो की किक पडली की तेवढ्या क्षणापुरता बेस दबावा आणि लगेच वर यावा. ऐकणाऱ्याला हे कळत नाही, पण अख्खा ट्रॅक श्वास घेतल्यासारखा वाटतो आणि पाय हलतात तो त्याचाच परिणाम. पुढे चढाव येतो. इथे लय वाढत नाही, हे बुवांनी मुद्दाम ऐकावं. लय तीच राहते, स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचे ठोके आधी दुप्पट, मग चौपट होतात. आपल्या पखवाजवाल्यांच्या भाषेत दुगुन आणि चौगुन. मग बेस काढून घेतात, क्षणभर सगळं रिकामं होतं आणि किक-बेस एकदम परत येतात. त्याला 'ड्रॉप' म्हणतात. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, गजर टिपेला नेऊन बुवा समेवर येतात आणि समोरचे लोक उठतात, तीच जाण इथे लागते: किती ताणायचं आणि नेमकं कुठे सोडायचं.

बटणांचं म्हणाल तर या संगीताचा एक मोठा भाग बटणं फिरवण्यातूनच जन्मला. जपानच्या रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे यंत्र १९८१ साली आलं, एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून. ते खपलं नाही, १९८४ मध्ये बंद झालं आणि स्वस्तात जुन्या बाजारात आलं. शिकागोच्या तरुणांनी ते घेतलं आणि वाजत असतानाच त्याची बटणं पिळून असा चिरकत वळणारा आवाज काढला की त्यातून 'ॲसिड हाउस' हा प्रकार उभा राहिला. तोही आधी आपल्याकडे वेगळ्या रूपात होऊन गेला होता. मुंबईतले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली हेच टीबी-३०३ आणि टीआर-८०८ हे तालयंत्र वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मांडले. त्या वेळी कुणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे ऐकणारे चकित झाले. भैरवातले कोमल स्वर त्या यंत्राच्या घसरत्या आवाजात ऐकून बघा. त्यांना संगीतकार म्हणायला बुवाही नाही म्हणणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून अट. बाजारात तयार तुकडे मिळतात, त्यांना 'लूप' म्हणतात. दोन लूप एकाखाली एक ठेवून वर कुणाचं तरी गाणं डकवलं तर ते संगीत देणं नव्हे, आणि तिथे बुवांचा राग रास्त आहे. पण ज्याने सूर निवडला, ठेका रचला, आवाज घडवला, त्याला हा शब्द नाकारण्याचं कारण नाही. लोकप्रिय सिनेगीताच्या चालीवर गजर म्हटला म्हणून आपण बुवांचं कर्तृत्व कमी मानत नाही. त्यातले शब्द, लय आणि मांडणी त्यांची असते.

क्रियापदाबद्दलही दोन शब्द. मुलं 'ट्रॅक बनवला' म्हणतात. मराठीत 'बनवणे'ला फसवण्याचा अर्थही आहे, म्हणून काहींना ते खटकतं. मला खटकत नाही, पण 'बांधणे' जास्त आवडतं. चाल बांधतात, आणि 'बंदिश' हा फारसी शब्दही याच बांधण्याच्या कुळातला. 'ट्रॅक बांधला' हे कोकणातल्या कुठल्याही भजन मंडळीला न सांगता कळेल.

तेव्हा पत्रिकेत असं छापा: 'इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत', खाली 'संगीत, संयोजन व सादरीकरण' आणि मुलाचं नाव. बोलताना 'प्रोड्यूसर' खुशाल म्हणा, तो शब्द आता रुळला आहे. डबलबारीच्या पत्रिकेत बुवांबरोबर पखवाज आणि चकी वाजवणाऱ्यांची नावं छापता, तशी इथे ध्वनियंत्रणा पुरवणाऱ्याची वेगळी ओळ द्या. डीजे तिथे लिहायला हरकत नाही. आणि एखादा ट्रॅक जुन्या गाण्याचं रिमिक्स असेल तर 'मूळ संगीत' म्हणून त्या संगीतकाराचं नाव वर घ्या आणि मुलाचं नाव 'पुनर्रचना' म्हणून त्याखाली.