कर्लीच्या पात्रात कनू नेताना

मालवणजवळच्या देवबागला पहिल्यांदा कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची उघडी, निमुळती होडी, घेऊन उतरताय, तर आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा. साधारण सहा तासांनी कर्ली नदीचा प्रवाह उलटतो आणि त्यातल्या मधल्या दोन तासांत तो सगळ्यात जोरात असतो. ओहोटी लागलेली असताना नदीच्या मुखाकडे अजिबात जाऊ नका. पाणी समुद्राकडे ओढतं, समोरून लाटा येतात आणि उघडी कनू बघता बघता भरते.

दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. इथे नदी किनाऱ्याला समांतर वाहते, म्हणून तो आडवा लागतो. देवबागच्या अंगाने, माडांच्या आडोशाने चला. पलीकडे गेलात तर वारा त्या काठालाच दाबून धरेल.

एकटे असाल तर मागच्या बैठकीवर बसू नका, पुढचं टोक उचललं जातं आणि वारा ते भिरकावतो. मधोमध गुडघे टेकून बसा. वाऱ्याच्या तोंडावर जायचं असेल तर सामान पुढे सरकवा, वारा पाठीवर असेल तर मागे. जड टोक वाऱ्याकडे वळतं. नवख्यांना हे कोणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नदी ओलांडताना टोक प्रवाहाविरुद्ध, पलीकडच्या काठाकडे जरासंच तिरपं ठेवून वल्हवत राहा, प्रवाहच होडीला आडवी सरकवतो. कोन वाढला की खाली वाहत जाल.

लाईफ जॅकेट बांधूनच उतरा. कनू उलटली तर ती सोडू नका.