पत्र तुमचं, अक्षर तिचं

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकाराचं पत्र आहे. मुलगी यंदा दहावी पास झाली, ७४ टक्के. पाच एकर कापूस, मोठा मुलगा पुण्यात कंपनीत, मुलीची आई दहावी पास आणि अंगणवाडीत मदतनीस. तालुका १६ किलोमीटर. सकाळची एसटी वेळेवर असते, संध्याकाळची साडेसातला फाट्यावर सोडते, तिथून घर दीड किलोमीटर. ते विचारतात, ‘समाजशास्त्र सोपं असते म्हणतात. पोरीची बारावी बाहेरून, घरी राहून होईल काय? फॉर्म कोणता भरावा? वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही, तेवढी मदतही होईल. पुढं पोलीस भरती नाहीतर समाजसेवेची नोकरी लागते काय? दोन वर्षांनी पाहुणे पाहायचेच आहेत.’)

नमस्कार भाऊ,

तुमच्या पत्राच्या तळाशी एक ओळ आहे, ‘माझं अक्षर बरोबर नाही, म्हणून पत्र मुलीकडून लिहून घेतलं.’ ती वाचली आणि मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर, मधोमध, हे वाक्य आहे: ‘तिला विचारलं नाही, पण ती नाही म्हणणार नाही.’ म्हणजे हे तिनं लिहिलं. स्वतःबद्दल, स्वतःच्या हातानं. खाडाखोड नाही, ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही. पाहुण्यांचं वाक्यही तिनंच लिहिलं. तुम्ही बाजेवर बसून सांगत असाल, ती खाली मांडीवर वही घेऊन लिहीत असेल. हातभर अंतरावर होती भाऊ, आणि तिला विचारायचं सोडून तुम्ही मला विचारलंत.

मला मार्कांची काळजी नाही. ७४ टक्के कला शाखेला भरपूर झाले. काळजी वाटली ती ‘घरी राहून’ची. पत्रात चारदा आलंय ते. शिक्षण बाहेरून आणि पोरगी घरात, असा हा बेत दिसतो. पऱ्हाटी फुटली, कापूस वेचणीला आला की गावात माणूस मिळत नाही, मिळालं तर किलोमागचा दर ऐकून घाम फुटतो, हे मला ठाऊक आहे. मीही वावरातल्याच घरातली. वेचणीचं तुम्ही लपवलं नाहीत, हे बरं केलंत. पण मग ‘बारावी बाहेरून होते काय’ हा तुमचा खरा प्रश्न नाही. पोरगी दोन वर्षं घरी लागणार आहे, सोबत एखादा कागदही हाती यावा, एवढंच तुम्हाला हवं आहे.

आता त्या कागदाचं ऐका. राज्य मंडळाचा तो फॉर्म नंबर १७. त्यावर खासगी विद्यार्थी म्हणून थेट बारावीला बसता येतं, पण दहावी होऊन दोन वर्षं उलटावी लागतात. तुमची मुलगी आत्ता पास झाली. म्हणजे कॉलेजात घातली तरी दोन वर्षांनी बारावी, आणि घरी बसवली तरी त्याच्या आधी नाही. वेळ एक दिवसाचाही वाचत नाही. पैसा वाचेल म्हणाल, तर अनुदानित कॉलेजात मुलींना बारावीपर्यंत शिकवणी फी माफ आहे आणि ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पासही मोफत आहे. मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची वाट वेगळी: पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, एकेक विषय सोडवत न्यायला पाच वर्षांची मुदत, समाजशास्त्र तिथंही घेता येतं. ज्यांचं शिक्षण मध्येच तुटलं त्यांच्यासाठी फार चांगली सोय. तुमच्या मुलीचं अजून तुटलेलं नाही, तुम्ही तोडायला निघालात.

संध्याकाळच्या अंधाराची भीती मात्र खरी आहे. तिला मी हसणार नाही. दीड किलोमीटर, दोन्ही बाजूंना उभी तूर, आणि सोळा वर्षांची पोर. पण त्याचा इलाज पोरीला घरी ठेवणं कसा होतो? तुमच्या गावातून आणि वाटेवरच्या गावांतून अजून किती मुली जातात ते मोजा. चार बाप मिळून आगार व्यवस्थापकाकडे फेरीची वेळ बदलायचा अर्ज द्या, सोबत कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. मानव विकास योजनेतल्या निळ्या एसटी गाड्या मुलींच्या शाळा-कॉलेजच्या वेळेसाठीच दिलेल्या आहेत. तुमच्या तालुक्यात आहे का, कोणत्या मार्गावर फिरते, हे आगारात जाऊन विचारा. तेही जमलं नाही तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचं मुलींचं शासकीय वसतिगृह बघा. आणि तोवर साडेसातला फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभं राहा. सोसायटीच्या मीटिंगला रात्री नऊला जाता ना, तसंच.

समाजशास्त्र सोपं, हे तुम्हाला कुणी सांगितलं मला माहीत नाही, पण ही समजूत विदर्भात घरोघरी आहे. ‘त्यात काय, कुटुंब, विवाह, जात, गाव, आपलं रोजचंच तर आहे.’ रोजचं आहे म्हणूनच अवघड आहे. तुमच्या घरचंच घ्या. कापूस वेचतं कोण? बाया. कमरेला ओटी बांधून सकाळपासून वाकलेल्या असतात. गाडी भरून जिनिंगवर जातो कोण? माणूस. काट्याची चिठ्ठी आणि पैसे कुणाच्या खिशात? हे तुम्ही जन्मभर पाहिलं आणि कधी नवल वाटलं नाही. ज्याला याचं नवल वाटतं आणि ‘असंच का?’ विचारता येतं, त्याला समाजशास्त्र जमायला लागलं. बाकी व्याख्या पाठ करून ३५ मिळतात, विषय मिळत नाही. बाबासाहेबांनी १९१६ साली, वयाच्या पंचविशीत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावण्यामुळे, आणि त्याचा भार सगळ्यात जास्त बाईवर पडतो, हा त्याचा गाभा. तुमची मुलगी हे वाचेल तेव्हा ‘पाहुणे पाहायचेच आहेत’ हे वाक्य तिला आठवेल. सोपं नाही ते. आणि असा विषय एकटीनं, स्वयंपाक आटोपल्यावर गाईड उघडून शिकायचा नसतो. तालुक्याच्या वर्गात एका बाकावर तांड्यावरची असेल, शेजारी कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, मागे बाजारपेठेतल्या दुकानदाराची. त्या चौघी डबा उघडतात तिथूनच निम्मा अभ्यास सुरू होतो.

नोकरीचं दोन ओळीत. पोलीस भरतीला बारावी पास लागते, विषय कोणताही चालतो. तिथं मैदान आधी, पुस्तक नंतर. स्पर्धा परीक्षेत समाजशास्त्र उपयोगी पडतं, पण त्यासाठी ते बारावीलाच घेतलेलं असायची अट नाही. ‘समाजसेवेची नोकरी’ म्हणजे समाजकार्य, त्याच्या पदव्या बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू. तो वेगळा अभ्यासक्रम आहे.

तेव्हा मुलीसाठी फॉर्म १७ नाही. अकरावीचा प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन आहे, फेऱ्या संपायच्या आत अर्ज भरा. कला शाखेला तालुक्याला जागा सहसा उरतात, पण त्या भरवशावर राहू नका. समाजशास्त्र घ्यायचं की भूगोल, हे तिला ठरवू द्या. कदाचित तिला कला शाखाच नको असेल. तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही.

आणि फॉर्म १७ वाया घालवू नका, कारण तुमच्या घरात त्याचा खरा हक्कदार आहे. वहिनी. दहावी पास, मदतनीस म्हणून काम चालू. अंगणवाडी सेविकेसाठी आता बारावी पास लागते, हे त्यांना माहीत असणार. त्यांनी कधी बोलून दाखवलं नसेल. दहावी होऊन वीसेक वर्षं झाली असतील, म्हणजे अंतराची अट केव्हाच पुरी झाली. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा, जवळचं कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडायचं आणि मूळ कागद तिथं द्यायचे. समाजशास्त्र त्यांनी जरूर घ्यावं. लेखी ८० मार्कांचं आणि वीस मार्क प्रकल्पाचे. गावातलं कोणतं पोर अंगणवाडीत येतं आणि कोणतं येत नाही, का येत नाही, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात तयार आहे. प्रकल्प म्हणून तोच लिहायचा. बालभारतीचं पुस्तक मराठीत, मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतं. त्यांना अडवेल ते समाजशास्त्र नाही, इंग्रजी. माझ्याकडे येणारे बाहेरून बसणारे बहुतेक तिथंच आपटतात. त्यासाठी घरात ७४ टक्केवाली शिकवणी आहेच.

एक अडचण येईल, ती आधीच सांगते. वहिनींच्या मार्कशीटवर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव असेल, आधारवर तुमचं. फॉर्म भरायला बसल्यावर नेटकॅफेवाला हमखास इथं अडतो आणि मनाला येईल ते टाकून मोकळा होतो. तसं होऊ देऊ नका. नाव दाखल्यावर आहे तसंच लिहायचं, आणि दोन्ही नावांची सांगड घालणारा विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जवळ ठेवायचं. लग्नाची नोंद केलेली नसेल तर या आठवड्यात ग्रामसेवकाला भेटा. दाखला पेटीच्या तळाशी, साड्यांच्या खाली असेल; मूळ सापडला नाही तर शाळेतून दुसरी प्रत मिळते, त्याला वेळ लागतो.

सापडला की त्याचा फोटो पाठवा, नावाचं काय करायचं ते पाहून सांगते. सोबत मुलीचं पत्रही येऊ द्या. या वेळी तुम्ही सांगायला बसू नका.