ऑनलाइन ट्रेनिंग सक्तीचं करण्याआधी एकदा फ्लोअरवर जाऊन बघा

तुम्ही लिहिलंय की वागळे इस्टेटच्या तुमच्या युनिटमध्ये ऑनलाइन ट्रेनिंग सुरू होऊन ४ महिने झाले, ऑफिसची मंडळी कोर्स करतात, पण शॉप फ्लोअरवरचं कोणी लॉगिनसुद्धा करत नाही. मग कोर्स अप्रेझलला जोडावा का? दादा, एवढ्यात नको. आधी एखाद्या ऑपरेटरच्या शेजारी उभं राहून लॉगिन कसं होतं ते बघा.

मी रबाळे एमआयडीसीत ११ वर्षं ट्रेनिंग सांभाळते. आम्हीही म्हणायचो, यांना शिकायचंच नाही. एका दुपारी पॅकिंगच्या एका मावशींबरोबर किऑस्कपाशी, म्हणजे फ्लोअरवर ट्रेनिंगसाठी ठेवलेल्या स्क्रीनपाशी, उभी राहिले. त्यांनी एम्प्लॉयी नंबर बरोबर टाकला, स्क्रीनने ओटीपी मागितला आणि मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये! आत न्यायची बंदी आमचीच. घरी करा म्हणावं, तर त्या दिव्याहून येतात, ठाण्याला गाडी बदलून. घरी पोचल्या की थेट ओट्यापाशी.

ओटीपी काढून हजेरीच्या कार्डावर लॉगिन दिलं. शिफ्टमध्येच २० मिनिटं मिळाली, लाइनवर बदली माणूस देऊन. त्यासाठी प्रॉडक्शनशी मी खूप भांडले, तुम्हालाही भांडावं लागेल.

पण नुसतं सोपं करून भागत नाही. लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात याचा अभ्यास करणारे संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्येच दाखवलं होतं की माणूस नवी सिस्टीम वापरतो ती सोपी वाटते म्हणून, पण त्याहून जास्त आपल्या कामाला उपयोगी वाटते म्हणून. हेड ऑफिसच्या इंग्रजी कोर्समध्ये आमच्या मशीनचं काहीच नव्हतं. मग आमच्याच फिटरला मराठीत बोलायला लावून ४ मिनिटांचा व्हिडिओ केला: पाऊचला लीकेज आलं तर सीलिंगचं तापमान आधी बघायचं की जॉ (पाऊच दाबून सील करणारा भाग) साफ करायचा. तो लोक रात्रपाळीत, मशीन अडलं की, कोणी न सांगता उघडू लागले. मला त्या दिवशी खरंच भरून आलं.

सक्तीचं म्हणाल, तर वेंकटेश आणि सहकाऱ्यांच्या याच विषयावरच्या २००३ च्या अभ्यासातही वरिष्ठांच्या शब्दाचा जोर सक्ती असेल तिथेच दिसला, आणि तोही सरावाबरोबर ओसरत गेला. सेफ्टीचा कोर्स सक्तीचा असू द्या. बाकीच्यासाठी आधी सुपरवायझरला कोर्सला बसवा. तो कोर्सला हसला की लाइनवरचं कोणी तो उघडत नाही.

तुमच्याकडे मोबाइल आत नेऊ देतात का आणि कोर्स कुठल्या भाषेत आहेत, एवढं कळवा. पुढचं त्यावर सांगते.